पडद्यावरचा गोवा प्रत्यक्षात कसा शोधावा

गोव्यात आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘त्या सिनेमातला किल्ला कुठला?’ नाव सांगितलं की तो तिथे जातो, फोटो काढतो, पण कॅमेरा नेमका कुठे लावला होता ते त्याला उमगत नाही. खरी गोडी त्या शोधात आहे.

सुरुवात घरी करा. प्रसंग थांबवून थांबवून पाहा, दोन-तीन चौकटी (थांबवलेली दृश्यं) फोनवर ठेवा. चेहऱ्यांकडे नका बघू, मागे काय आहे ते बघा. माड पडतात, किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती खानावळ) पावसाळ्याआधी उतरवतात, घरांचे रंग बदलतात. डोंगराची कड आणि नदीचं मुख मात्र तिथेच असतं. पहिल्यांदा मी एका वाकड्या माडावर भरवसा ठेवून अख्खी दुपार फिरलो. तो माड कधीचाच गेला होता.

मग उजेड वाचा. आपला समुद्र पश्चिमेला. पाण्यावर टेकलेला सूर्य दिसला तर चित्रीकरण संध्याकाळचं; तुम्हीही तेव्हाच जा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, हिरवं गवत असेल तर पावसाळा किंवा त्यानंतरचे थोडे दिवस.

आता शापोरा किल्ला. ‘दिल चाहता है’ (2001) मधले तिघे मित्र याच तटावर बसले होते. चौकटीत उत्तरेकडचं नदीचं मुख आहे की दक्षिणेकडचा वागातोरचा किनारा, एवढं ओळखलंत की अर्धा किल्ला वगळता येतो. पुढचं काम सावकाश करा. फोन डोळ्यांसमोर धरा, आधी क्षितिजाची रेघ जुळवा. नंतर एक जवळची आणि एक लांबची खूण घ्या, समजा तटाचा कोपरा आणि पलीकडचं टोक. चौकटीत टोक कोपऱ्याच्या डावीकडे आहे आणि तुम्हाला उजवीकडे दिसतंय? डावीकडे सरका. पाऊल-पाऊल सरकताना दोन्ही खुणा एकदम जागेवर येतात, त्या क्षणी अंगावर काटा येतो. नजर फोनवर असताना मात्र चालू नका. कडेचे चिरे सुटलेले असू शकतात. थांबा, बघा, मग पाय उचला.

कथेतल्या गावावर विसंबू नका. ‘चेन्नई एक्सप्रेस’ (2013) मधली गाडी कथेत तमिळनाडूकडे निघते, पण जिथे थांबते तो धबधबा आपला दूधसागर, 310 मीटर उंचीचा. तो बघायला रुळांवरून चालत जाऊ नका. त्याला बंदी आहे आणि घाटात गाडी अचानक समोर येते. बेळगावकडे जाणाऱ्या रेल्वेतून तो दिसतो, किंवा पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीपने पायथ्याशी जाता येतं.

गावातलं घर किंवा रस्ता शोधायचा असेल तर सकाळी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला गाठा. त्याला दारन् दार ठाऊक असतं. ‘शूटिंग कुठे झालं?’ असं विचारू नका, फोटो दाखवून ‘पात्रांव (कोकणीत मालक), ही कमान कुठली?’ असं विचारा.

श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ (1985) लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या वडिलोपार्जित घरात चित्रित झाला. असं घर सापडलं की फाटकाबाहेरच थांबा. आत कुणीतरी राहतं. बल्कांवावर (दारासमोरच्या बसायच्या ओसरीवर) घरचं माणूस बसलेलं असेल तर आधी नमस्कार करा, ओळख सांगा, मगच फोटोची परवानगी मागा. ‘नको’ म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवा.