कडीला लटकलेलं दूध

लालबागच्या आमच्या चाळीत दूधवाला पहाटे पाचला येतो, कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दोन लिटर टाकतो आणि जातो. मी उठायची साडेसहाला. मे महिन्यात लागोपाठ दोनदा दूध नासलं, तेव्हा मी मेकॅनिक बोलावला. फ्रिज ठणठणीत निघाला, त्याची फी मात्र गेली. दूध बिघडत होतं दाराबाहेरच्या त्या दीड तासात. पाश्चराइझ केलेल्या दुधातही थोडे जिवाणू उरतातच, उकाड्यात ते भराभर वाढतात आणि दूध आंबतं. पिशवीवरची तारीख गार ठेवलेल्या दुधाची असते, कडीला लटकलेल्या नव्हे. आता पाचचा गजर लावते, पिशव्या फ्रिजमध्ये टाकते आणि परत आडवी होते.

तापवताना पिशवी आधी बाहेरून धुवा, क्रेटमधून कुठून कुठून आलेली असते. पातेलं फक्त दुधाचं ठेवा; काठाला चिकटलेली जुनी साय नीट घासा.

उकळी आली की खरी गडबड सुरू होते. आपण गॅस बंद करतो, डबा भरतो, लोकल पकडतो आणि दूध ओट्यावर दुपारपर्यंत कोमटच. मी परातीत गार पाणी घेऊन पातेलं त्यात ठेवते, वर जाळीचं झाकण. दहा मिनिटांनी पाणी बदलायचं. दूध निवलं की ताट झाकून फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात मागे. दारात नको, ते सारखं उघडतं. शेजारी फणसाचे गरे उघडे नकोत, नाहीतर चहालाही फणसाचा वास.

सासूबाई कालचं उरलेलं दूध नव्यात ओतायच्या. तेवढं करू नका. वाटीभर जुन्यापायी दोन लिटर जातं. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं तापवून बघा. चिमूटभर सोडा टाकला की दूध फाटत नाही म्हणतात, ते खरं आहे. पण सोड्याने आंबटपणा तेवढा दबतो, जिवाणू जागच्या जागी.

नणंद जोगेश्वरीला तबेल्यातलं सुट्टं दूध घेते. ते कच्चं, त्यामुळे घरात आलं की लगेच गॅसवर.

गणपतीला गावी जाताना मी टेट्रापॅक नेते. बंद असेतो बाहेर चालतो. कापला की तोही फ्रिजमध्येच, आणि गावच्या घरी फ्रिज नाही, म्हणून अर्ध्या लिटरचेच घेते.