जीन्स घेण्याआधी मांडी मोजा

मुलगी चारशे मीटर धावते आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते. मागच्या वेळी तिच्या जुन्या पँटची कंबर पाहून मी 28 नंबरच्या जीन्स मागवल्या, स्वस्त होत्या म्हणून दोन. दोन्ही गुडघ्याच्या चार बोटं वर अडकल्या. ती काही बोलली नाही, घडी करून ठेवल्या आणि ट्रॅकपँट चढवून निघून गेली. मग मी दोन नंबर मोठी आणली. ती जीन्स मांडीला बसली, पण मागे कंबरेला मूठ जाईल एवढी फट. मुलीचं ते तोंड पुन्हा बघायचं नाही, म्हणून या वेळी आधी सगळं लिहून काढलं. घरात अशी खेळाडू मुलगी असेल, किंवा तुम्हीच तशा असाल, तर वाचा.

टेप घ्या. कंबर, हिप, पायाची आतली लांबी सगळेच मोजतात, त्यावर बोलत बसत नाही. मांडी मोजा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं, मांडीचा सगळ्यात भरलेला भाग धरायचा, टेप आवळायची नाही. दोन्ही मांड्या मोजा. एका पायावर जास्त जोर पडणाऱ्या खेळांत एक मांडी थोडी जाड असू शकते. मोठं माप तेच खरं माप. सरावाहून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा स्नायू फुगलेले असतात. सायकल चालवणारीची पोटरीही मोजा.

मांडीवर एवढा जोर का? जीन्स उलटी करून पाहा. पायाची एक शिलाई बहुधा कापड दुमडून दुहेरी मारलेली असते, सोडायला आत कापडच नसतं. कंबर शिंपी आत घेऊन देतो; तंग मांडी तो सैल करून देऊ शकत नाही. म्हणून मांडी आणि हिपला बसेल ती जीन्स घ्यायची आणि कंबर नंतर बघायची. मी नेमकं उलटं केलं होतं.

ऑनलाइन घेत असाल तर साइझच्या तक्त्यात कंबर आणि हिप असतात, मांडी बहुतेक वेळा नसतेच. विक्रेत्याला विचारा: जीन्स सपाट पसरून, दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीच्या एक इंच खाली आडवं माप किती? त्याची दुप्पट करा आणि आपल्या मांडीशी ताडून पाहा. न ताणणाऱ्या कापडात इंचभर तरी मोकळीक हवी. ताणणाऱ्या कापडात बरोबरीचं माप चालतं. उत्तर आलं नाही तर घेऊ नका. आणि कंबरेचा नंबर बघून तर मुळीच घेऊ नका, एका ब्रँडचा 28 आणि दुसऱ्या ब्रँडचा 28 यांत इंच-दीड इंचाचा फरक सहज असतो.

कापडाच्या लेबलवर कॉटनसोबत एक-दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलेलं बरं. पॅटर्न 'कर्व्ही' मिळाला तर आधी तोच, कारण त्यात कंबर आणि हिप यांतला फरक जास्त धरून कापलेलं असतं. नाहीतर हाय राइज, म्हणजे कंबर उंचावर बसणारी, आणि स्ट्रेट, म्हणजे सरळ पायाची. स्किनी सोडून द्या. पुरुषांच्या विभागातली 'अ‍ॅथलेटिक फिट' मोहात पाडते. मांडीला जागा मिळते, पण कंबरेची फट तशीच राहते.

ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका. उकिडवं बसा, गुडघा छातीपर्यंत आणा. पुढून मांड्यांकडे आडव्या ताणरेषा दिसल्या, खिशांची तोंडं उघडी पडली, तर मांडी किंवा हिप तंग आहे. 'वापरून सैल होईल' हे ऐकू नका. कंबर थोडी सैल होते, पण अडकलेली मांडी त्यामुळे सुटत नाही.

पैशांचा हिशेब करताना शिंप्याची मजुरी किमतीतच धरा. कंबर दोन इंचांपर्यंत आत घेतलेली चांगली दिसते. त्याहून जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांना चिकटतात. तसं असेल तर जीन्सच्या कंबरपट्टीत मागे आतून इलॅस्टिक घालून घ्या. वापरलेली जीन्स घ्यायला हरकत नाही, आटायची ती आटून झालेली असते. फक्त मांडीच्या आतली बाजू उजेडासमोर धरून पाहा, भरलेल्या मांड्या घासून कापड तिथेच आधी विरतं.

परत करायची मुदत बघून ठेवा. पक्की ठेवायची ठरली की एकदा धुवा, मगच लांबी कापा. थंड पाणी, उलटी करून, ड्रायर नको.

आणि मांडीचं माप फोनमध्ये लिहून ठेवा, कागद घरीच राहतो.