आधी ताप बघा, मग कामं वाटा

रात्री व्हिडिओ एन्कोडिंग (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलण्याचं जड काम) लावून झोपायचो आणि सकाळी बघावं तर काम अर्ध्यावरच. लॅपटॉप चार कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे चार भाग, आणि प्रत्येक कोअरवर कामाच्या दोन वाटा, म्हणून आठ थ्रेडचा, आणि मी आठही थ्रेड जुंपायचो. पहिलं मिनिटभर गाडी सुसाट. मग तापमान ९७ अंशांवर आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ३.६ गिगाहर्ट्झवरून थेट २.१ वर. प्रोसेसर बिचारा स्वतःचा जीव वाचवत होता.

तुमचंही असंच होतंय का, हे आधी तपासा. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ कमांड तापमान दाखवते. पण इंटेलच्या मशीनवर खरी चुगली करतो तो सिस-एफएसमधला (लिनक्स हार्डवेअरची माहिती जिथे फाइल्सच्या रूपात दाखवतं तिथला) ‘कोअर थ्रॉटल काउंट’, म्हणजे तापामुळे कोअरचा वेग किती वेळा कापला गेला तो आकडा. काम लावण्याआधी तो आकडा टिपून ठेवा, संपल्यावर पुन्हा बघा. वाढला असेल तर मधे गळा आवळला गेलाय.

बरेच जण इथे कामाला ‘नाइस’ १९, म्हणजे सगळ्यात खालचा अग्रक्रम, लावतात. मीही लावलं होतं. उपयोग शून्य! नाइस फक्त रांगेतला नंबर ठरवतं. रांगेत दुसरं कुणी नसेल तर १९ वालंही पूर्ण ताकदीनं पळतं, आणि रात्री रांगेत असतंच कोण? उष्णता कमी करायची तर कोअरला रिकामा वेळ मिळाला पाहिजे. त्यासाठी सिस्टिमडीचा (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा) ‘सीपीयू कोटा’ वापरा. ४०० टक्के म्हणजे चार थ्रेडच्या पूर्ण वेळेइतकं काम, त्याहून जास्त नाही.

टर्बो, म्हणजे प्रोसेसरनं मूळ वेगाच्या वर मारलेली उडी, तीही बंद करा. चिपमधली वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. आणि टर्बो दोन्ही चढवतो. म्हणून शेवटचे चार-पाचशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात. प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ‘इंटेल पी-स्टेट’ ड्रायव्हर असेल तर ‘नो टर्बो’ फाइलमध्ये १ लिहायचं, बस्स.

आता ‘टास्कसेट’. या कमांडनं काम ठरावीक सीपीयूंना बांधता येतं (लिनक्स प्रत्येक थ्रेडला एक सीपीयू मोजतं), आणि इथेच मी तोंडावर आपटलो. एका डेस्कटॉपवर दोन जड कामं सीपीयू ० आणि १ ला बांधली, दोन वेगळे कोअर समजून. निघाले एकाच कोअरचे दोन थ्रेड! तो कोअर नव्वदीत, बाकीचे पन्नाशीत, आणि दोन्ही कामं रखडलेली. त्या मशीनच्या ‘थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट’ फाइलमध्ये, जिथे एकाच कोअरचे थ्रेड कोणते ते असतं, ‘०-१’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं; मीच वाचलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर तिथेच ‘०,४’ दिसतं. तेव्हा अंदाज नको, फाइल उघडून बघा. २०२१ च्या एल्डर लेकपासून इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर असतात. घाई नसलेलं काम छोट्यांना द्या.

स्क्रिप्ट लिहून दर काही मिलिसेकंदांनी काम या कोअरवरून त्या कोअरवर नाचवू नका. नव्या कोअरची कॅश (कोअरजवळची छोटी वेगवान मेमरी) त्या कामासाठी रिकामी असते, डेटा पुन्हा भरण्यात वेळ जातो. त्यापेक्षा क्रम बदला. दोन एन्कोडिंगच्या मधे फाइल कॉपीसारखं थंड काम घाला, म्हणजे हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाला) उसंत मिळते.

सध्या माझं रात्रीचं गणित असं: सीपीयू ० ते ३ वर चार थ्रेड, टर्बो बंद, दर दोन व्हिडिओंनंतर बॅकअप. तापमान अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. थ्रॉटल काउंट सकाळी तोच असतो, जो रात्री होता.