मूड मोजताय? या चुका टाळा

एम.ए. सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की माझ्याकडे एक्सेलच्या फायली येतात आणि दरवर्षी घोळ तेच असतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी, मूड म्हणजे काय ते ठरवा, मग प्रश्नावली शोधा. बसमध्ये कुणीतरी पायावर पाय दिला आणि तुम्ही चिडलात, ती भावना. तिला कारण आहे आणि ती लवकर ओसरते. सकाळपासून नुसती चिडचिड होतेय आणि कशामुळे ते धड सांगता येत नाही, तो मूड. त्यात मराठीत ‘आज मूड नाही’ म्हणजे इच्छा नाही. ‘तुमचा मूड कसा आहे?’ असं फॉर्मवर छापलं तर पोरं विचारतात, ‘कशाचा मूड, मॅडम?’ आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता भाषांतर. याचा मला खरंच राग येतो. पॅनास (PANAS) ही 1988 ची वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांची मूड मोजायची स्केल, 20 शब्द, 10 पॉझिटिव्ह 10 निगेटिव्ह, प्रत्येकाला 1 ते 5. एका विद्यार्थिनीने दोन रात्रीत डिक्शनरी घेऊन तिचं मराठी केलं. एक्सायटेडचं ‘उत्तेजित’, प्राउडचं ‘गर्विष्ठ’. फॉर्म वाटले तशा मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि ‘उत्तेजित’समोर जवळपास सगळ्यांनी 1 लिहिलं. ‘गर्विष्ठ’चंही तेच, स्वतःला असं कोण म्हणवून घेईल? अल्फा, म्हणजे सगळे शब्द मिळून एकच गोष्ट मोजतात का ते सांगणारा आकडा, पडला तर ही म्हणते दोन्ही शब्द काढून टाकू का. 140 फॉर्म वाया गेले, पुन्हा सगळं करावं लागलं. मी एकाकडून भाषांतर करून घेते, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करून घेते, आणि मग पाच-सहा पोरांना एकेक शब्द वाचायला लावून विचारते, काय डोक्यात आलं? एका शब्दाला एकच शब्द हा हट्टही मी सोडलाय, कारण एक्सायटेड आणि एन्थुझिअ‍ॅस्टिक दोन्ही ‘उत्साही’वर येऊन बसतात. याला महिना लागतो, लागू दे.

वेळ. पॅनासमध्ये ‘आत्ता’, ‘आज’, ‘गेला आठवडा’, ‘एरवी’ असं वेगवेगळं विचारता येतं, आणि कितीतरी फॉर्मवर ती सूचनाच नसते. मी प्रत्येक फॉर्मवर तास-मिनिटं लिहिते, आणि त्याआधी काय चालू होतं तेही, लेक्चर की इंटर्नलचा पेपर. आणि ‘आत्ता’ विचारलेला स्कोअर आठवड्याने बदलला तर घाबरू नका, मूड बदलतोच.

मूडचं पान परीक्षेच्या ताणाच्या प्रश्नांनंतर ठेवू नका. श्वार्ट्झ आणि क्लोर यांनी 1983 मध्ये फोनवरून लोकांना विचारलं, तर ऊन असलेल्या दिवशी लोक आयुष्यावर जास्त समाधानी निघाले, पण आधी हवामान विचारलं की हा फरक गेला. एक साधा प्रश्न एवढं करतो.

पीएचक्यू-9 मूडसाठी वापरू नका. ती गेल्या दोन आठवड्यांतली डिप्रेशनची लक्षणं विचारते, आजचा मूड नाही.

पॉझिटिव्हमधून निगेटिव्ह वजा करून एक आकडा काढू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि प्राणायामावर प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, ‘पॅनासमध्ये काहीच फरक दिसला नाही’ म्हणून रडण्याआधी ते 20 शब्द वाचा. पॉझिटिव्हमधले सगळे जोशाचे, धडपडीचे शब्द आहेत, ‘शांत’ त्यात नाहीच. शांत, निवांत, सैल हे वेगळं विचारा, आणि डेटा घ्यायच्या आधी विचारा.