जुन्या गाडीचं चार्जिंग बिघडलं? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

सेल्फ (स्टार्टर) मारला की नुसतं ‘टक्’ होतं. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकलाइटही लुकलुकतो. जुन्या मारुती ८००, ओम्नी किंवा पद्मिनीत असं काही झालं की बहुतेक जण आधी बॅटरीच बदलतात, आणि काही महिन्यांत नवीही बंद पडते. अशा वेळी पहिला संशय अर्थवर, म्हणजे करंट इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीवर घ्यावा. कोल्हापूरजवळच्या गगनबावड्याच्या पावसात रोज फिरणाऱ्या किंवा २०१९, २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत तर नक्कीच.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. आधी ती बाहेरच्या चार्जरवर भरून घ्या, नाहीतर पुढचे आकडे फसवतील.

आता मुख्य चाचणी. इग्निशन कॉइलची (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची) पॉझिटिव्हची बारीक वायर काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. केबलच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच. लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या धातूवर. दुसऱ्या माणसाला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर इंजिनचा अर्थ गेलेला आहे. मग लाल पिन क्लॅम्पवर ठेवून पुन्हा बघा: तिथेच बराचसा आकडा दिसला तर दोष टर्मिनलचा, नाहीतर केबलचा किंवा बोल्टचा.

बरेच जण इथे मीटर ‘बीप’वर लावून केबल चांगली असल्याचं ठरवतात. ती चाचणी इथे निरुपयोगी. केबलमध्ये एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. सेल्फ शंभर अँपियर ओढत असताना ०.००५ ओहमचा अडथळाही अर्धा व्होल्ट खातो, आणि एवढा छोटा अडथळा साध्या मीटरवर दिसतच नाही. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

एक खूण मीटरशिवायही कळते. क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटर केबल वारंवार जाम होत असेल आणि तिचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसत असेल, तर सेल्फचा करंट परतीची वाट त्या केबलमधून शोधतोय. नुसती केबल बदलली तर नवीही जळणार.

बॉडीचा अर्थ वेगळा मोजा. कॉइलची वायर परत जोडा, इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, काळी पिन निगेटिव्ह खांबावरच, लाल पिन बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. ०.१ च्या आत हवं. इंडिकेटरबरोबर ब्रेकलाइट लुकलुकण्याचा दोष मात्र टेललाइटच्या होल्डरच्या अर्थमध्ये असतो, तो तिथेच जाऊन बघावा.

दुरुस्तीला सुरुवात करताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. बॅटरीची झाकणं मात्र घट्ट बंद असू द्या. बॉडीवर लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. इंजिनसाठी २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या. लग कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्यावा. हातोडीने ठोकलेला लग काही दिवसांत सैल पडतो.

आता चार्जिंग. रेस थोडी धरून, हेडलाइट लावून बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की काम झालं. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा बघा: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण ८ ते १० मिलिमीटर झुकावा. मग अल्टरनेटरच्या (पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) जाड वायरचं टोक आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब यांत मोजा, ०.३ च्या वर असेल तर ती वायर किंवा तिचा नट खराब. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्बही तपासा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. तिथे एलईडी बसवू नका. हे सगळं नीट असेल तरच अल्टरनेटरचे ब्रश आणि चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर उघडायचे.

१४.८ च्या वर जात असेल आणि रेग्युलेटर बाहेर बॉडीवर बसवलेला असेल, तर त्याचे स्क्रू काढून खालचा पत्रा घासा. अर्थ कच्चा असला की रेग्युलेटरला व्होल्टेज कमी भासतं आणि तो चार्जिंग वाढवत राहतो. बॅटरीचं पाणी उडतं ते त्यामुळे.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘डायनामो चालतोय का’ बघायची सवय सोडाच. त्या झटक्यात अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडतात.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून ती आणि खांब यांच्या मधे मीटर १० अँपियरच्या रेंजवर जोडा. लाल पिन त्या रेंजच्या भोकात घालायला विसरू नका आणि मीटर मधे असताना सेल्फ मारू नका. ५० मिलिअँपियरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. कशानेच आकडा उतरला नाही तर मीटर सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता आकडा खाली आला तर डायोड गळतोय.