मूटचं मेमोरियल: तो परिच्छेद नेमका कोणाचा?

मूट (लॉ कॉलेजातला सरावाचा, काल्पनिक खटला) म्हणजे फर्डं इंग्रजी, असं धरून मराठी माध्यमातली कितीतरी मुलं कॉलेजच्या निवड फेरीलाही नाव देत नाहीत. नाव द्या. बार काउन्सिलच्या नियमांप्रमाणे पदवीसाठी तीन मूट तशाही कराव्याच लागतात. प्रत्येकी १० गुण, ५ लेखी युक्तिवादाचे, म्हणजे मेमोरियलचे, आणि ५ तोंडीचे. बेंच, म्हणजे न्यायाधीश म्हणून बसलेले परीक्षक, इंग्रजीवर फारसं अडत नाही. तुम्ही निकालातला उतारा दिलात की ‘हे कोण म्हणतंय?’ असं विचारतं, आणि तिथे भले भले स्पीकर गप्प होतात.

निकालपत्रात साधारणपणे आधी वस्तुस्थिती, मग दोन्ही वकिलांचे युक्तिवाद आणि त्यानंतर कोर्टाचं मत येतं. निकालांच्या ऑनलाइन डेटाबेसवर शब्द टाकून शोधलं की बरेचदा युक्तिवादाचाच परिच्छेद हाती लागतो, कारण मुद्दा तिथे सर्वांत जोरात मांडलेला असतो. तो उचलून ‘सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं’ असं लिहिलंत, तर कदाचित हरलेल्या वकिलाचं म्हणणं तुम्ही कायदा म्हणून पुढे केलंत. वरचे चार-पाच परिच्छेद वाचा. ‘लर्नेड काउन्सेल सबमिटेड’ (विद्वान वकिलांनी मांडलं) दिसलं, की तो परिच्छेद सोडा.

कोर्टाचंच मत असलं तरी ते बहुमताचं आहे का, हे बघा. मूटचा प्रॉब्लेम खासगीपणावर असेल, तर खरक सिंग (१९६२) हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा हमखास येतो. सहा न्यायाधीशांचं ते खंडपीठ; खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असं बहुमत म्हणालं. मुलं आवडीने उद्धृत करतात ते न्या. सुब्बा राव यांचं विवेचन, आणि ते अल्पमतातलं आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी बहुमताचा तो भाग मोडीत काढला. म्हणजे सुब्बा रावांचा आधार आज घ्यायचा, पण पुट्टस्वामीच्या दारातून. नऊच न्यायाधीश का, हेही तयार ठेवा: खासगीपणाच्या विरोधात जाणारा १९५४ चा एम. पी. शर्मा निवाडा आठ जणांचा होता, आणि तो मोडायला त्याहून मोठं खंडपीठ लागतं.

यासाठी वहीत पाच रकाने आखा: न्यायाधीश किती, बहुमत किती, परिच्छेद कोणाचा, निवाडा पुढे टिकला का, आपल्या कोणत्या मुद्द्याला लागू. रकाने भरले नसतील तो निवाडा मेमोरियलमध्ये नको. वीस अर्धवट निवाड्यांपेक्षा आठ पुरते वाचलेले केव्हाही बरे. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, संपादकाने लिहिलेली असते. वाट शोधायला वापरा, उद्धृत करू नका. सीनियरचं जुनं मेमोरियल मांडणी शिकायला उत्तम, पण त्याच्या तळटीपा उचलणं हा शुद्ध आळस आहे, आणि त्यातल्या चुका तुमच्या नावावर चढतात.

हे सगळं पहिल्यांदा फार संथ चालतं. एका निवाड्याला अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या, चौथ्या-पाचव्या निवाड्यापासून नजर बसते.

पाठवण्याआधी शब्दमर्यादा तपासा, गुण कापले जातात. मुखपृष्ठावर ओळख म्हणून फक्त टीम कोड (आयोजकांनी दिलेला क्रमांक) हवा, नाव नको. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुमचं किंवा कॉलेजचं नाव राहिलं असेल तर तेही काढा.