मित्रांची तारकर्ली ट्रिप: झाकलेलं आधीच कसं मोकळं करावं

वर्षानुवर्षांची मैत्री चार दिवसांच्या सहलीत बिनसते, कारण एका खोलीत राहिलं आणि एका हिशेबात खर्च केला की झाकलेलं झाकून राहत नाही. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाला दमा असतो, कोणी घरी वेगळंच सांगून आलेलं असतं.

सुरुवात पैशापासून करा. ग्रुपवर ‘बजेट किती?’ असं विचारू नका. पहिला आकडा पडला की ज्याला झेपत नाही तोही ‘चालेल’ लिहितो आणि मग उधार काढून येतो. हिशेब एकाकडे द्या. प्रत्येकाने आपली मर्यादा त्याला एकट्यालाच कळवायची. पाच जणांचे ६, ७, ८, ८ आणि १० हजार आले तर ट्रिप ६ हजारांची. सहा कोणाचे, हे त्याने कधीच सांगायचं नाही. मग हॉटेलऐवजी घरगुती निवास, गाडीऐवजी कुडाळपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. तरी बसलं नाही तर दिवस कमी करा, माणूस नको. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे हे सगळं त्याआधी आठ-दहा दिवस उरका. दारूचं बिल कॉन्ट्रीत घालू नका. ‘आत्ता मी भरतो, नंतर बघू’ हेही नको. खरी अढी तिथेच बसते.

तब्येतीचं लपवणं सगळ्यांत धोक्याचं. तारकर्लीत समुद्राखाली स्कूबा डायव्हिंगला उतरण्याआधी फॉर्म भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काही असेल तर ते खरं लिहायलाच हवं. पण किनाऱ्यावर रांगेत, चार मित्र खांद्यावरून डोकावत असताना, पेन आपोआप ‘नाही’कडे वळतं. म्हणून हे प्रश्न आदल्या दिवशीच, एकेकट्याने वाचा. साधी सर्दी असली तरी उतरू नका: कानातला दाब जुळत नाही, दोन-तीन मीटरवरच कान ठणकतो, पडदाही फाटू शकतो. न उतरणाऱ्याला कारण विचारायचं नाही. ‘मी बोटीवर थांबतो’ एवढं उत्तर पुरे. इनहेलर बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहे, हे खोलीतल्या एकाला तरी माहीत हवंच.

फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका. घरी ‘ऑफिसचं काम’ सांगून आलेल्याचं बिंग बहुतेक वेळा असंच फुटतं. त्याचं खोटं आपण निस्तरायचं नाही, पण चव्हाट्यावरही आणायचं नाही.

एवढं करूनही मधेच काही बाहेर आलं, तर जेवणाच्या ताटावर पंचायत भरवू नका, आणि प्यायल्यावर तर मुळीच नाही. ज्याला लागलं आणि ज्याने लपवलं, त्या दोघांनीच सकाळी किनाऱ्यावर चालत बोलावं. लपवणाऱ्याने आधी घडलं ते सांगावं, कारणं नंतर. हे आणखी कोणाला माहीत होतं, तेही त्याच वेळी सांगून टाकावं, कारण ‘त्याला ठाऊक होतं, मला नाही’ हे मूळ गोष्टीपेक्षा जास्त झोंबतं. ऐकणाऱ्याने लगेच माफ करायलाच हवं असं नाही. ‘मला दोन दिवस दे’ म्हणावं आणि उरलेली ट्रिप खोली बदलून घ्यावी.

परतीच्या गाडीत पनवेल यायच्या आत हिशेब मिटवा, पावत्यांसकट.